दिन्को आणि त्याचा उजवा गुडघा

ऑगस्ट महिन्यात बहरीनमध्ये गाडीचा एसी बंद करायला लावणारा माणूस माझ्या आयुष्यात एकच आला. बाहेर हवा अशी, की श्वास घेताना नाक आतून भाजावं. आणि हा शेजारच्या सीटवर गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळून बसलेला. मी एसी लावला की त्याचा लांबलचक हात पुढे यायचा, आणि तो एकेक जाळी निगुतीनं बंद करायचा. मी काच खाली केली तर तो ओरडायचा, "प्रोपुह, डॉक्टोरे! प्रोपुह!"

प्रोपुह म्हणजे वाऱ्याचा झोत. त्याच्या देशात, क्रोएशियात, मान धरण्यापासून लग्न मोडण्यापर्यंत सगळ्याचं खापर म्हणे या झोतावर फोडतात. आणि डॉक्टोरे म्हणजे मी. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, हे मी त्याला पहिले काही महिने सांगत होतो. मग सोडून दिलं. दिन्कोला एखादी गोष्ट एकदा पटली की ती खोटी ठरवणं त्या गोष्टीलाही जमत नसे.

आम्ही दोघं मुहर्रकच्या एका फुटबॉल क्लबात नोकरीला होतो. तो फॉरवर्ड खेळाडूंचा प्रशिक्षक, मी संघाचा फिजिओ. राहायला दोघंही सनदला, एकाच इमारतीत. तो तळमजल्यावर, मी दुसऱ्या. त्याच्याकडे स्वतःची गाडी होती. ती इमारतीच्या मागे धूळ खात उभी असे, कारण तिचा एसी आतून बंद करता येत नव्हता. त्यामुळे रोज दुपारी मी खाली येऊन हॉर्न वाजवायचो आणि हा खिडकीतून हात हलवून ओरडायचा, "पोमालो!" त्याच्या किनाऱ्यावरचा हा लाडका शब्द. सावकाश, घाई कशाला, होईल की, असं सगळं त्यात येतं. बहरीनला आल्यावर त्यानं त्याला आणखी एक शेपूट जोडलं होतं. "पोमालो, इंशाल्ला." एवढं ऐकलं की मी गाडी बंद करून मोबाइल काढायचो.

आमच्या घरात त्याचं नाव दिनकरराव. हे माझ्या बायकोचं, सुजाताचं काम. ती मालवणची, सीफमधल्या एका बँकेत नोकरी करते, आणि परक्या नावांना घरचं रूप दिल्याशिवाय तिला ती तोंडात धरवत नाहीत. त्यालाही ते आवडलं. क्लबात कोणी नवीन माणूस आला की तो स्वतःची ओळख करून द्यायचा, "दिन्को. इंडियात दिनकरराव." जणू इंडियात त्याची कुठे शेतीवाडी होती.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ असतात आणि त्यांच्या सामन्यांवरून भावाभावांत अबोला होतो. त्यामुळे फॉरवर्ड ही जात मला लहानपणापासून ठाऊक. गोल झाला तर माझ्यामुळे, हुकला तर पास वाईट होता. पण दिन्को त्यातलाही उस्ताद निघाला. त्यानं खेळणं सोडून बारा-पंधरा वर्षं झाली असतील, तरी त्याचे हुकलेले गोल अजून दुसऱ्यांच्या नावावर जमा होत होते.

त्याची सगळी कारकीर्द मला गाडीतच कळली, घामाघूम होऊन. समुद्रकाठचं छोटं गाव. वडील जहाजबांधणीच्या गोदीत वेल्डर. बापानं सांगितलं, गोदीत ये. हा गोदीच्या भिंतीवर चेंडू मारत बसला. मग गावचा संघ, मग राजधानीतला दुसऱ्या फळीतला क्लब, मग ऑस्ट्रिया, तुर्कस्तान, सायप्रस, आणि पाय थकल्यावर आखात. कुठेच तो फार टिकला नाही. प्रत्येक ठिकाण सोडण्याचं कारण त्याच्याकडे तयार असे आणि त्यात चूक नेहमी स्थानिक हवामानाची असे.

देशाच्या संघात त्याला एकदाच बोलावणं आलं होतं. मैत्रीपूर्ण सामना, हा राखीव खेळाडू. उत्तरार्धात प्रशिक्षकानं सांगितलं, तयार हो. हा मैदानाच्या कडेनं पळायला लागला. पळाला, पळाला, आणि सामना संपला. प्रशिक्षक बहुधा विसरला होता. पुन्हा बोलावणं आलं नाही. ही गोष्ट सांगताना दिन्को हसायचा. "त्या दिवशी आत खेळणाऱ्यांपेक्षा मी जास्त पळालो, डॉक्टोरे. देशासाठी माझ्याइतकं रेषेवर कोणी पळालं नाही."

मी एकदा विचारलं, "वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. पळताना अंगाला घाम आला होता आणि नंतर बाकावर बसलो. मागून प्रोपुह. चार दिवस मान धरली होती."

अशा माणसाचं काय करायचं?

त्याची दुसरी आवडती गोष्ट तुर्कस्तानची. क्लबला वरच्या श्रेणीत जायचं होतं, शेवटचा सामना, आणि याचा उजवा गुडघा सुजून नारळाएवढा झालेला. मग गुडघ्यात इंजेक्शन घेतलं, मैदानात उतरला, आणि कोपऱ्यावरून आलेला चेंडू नेमका त्याच गुडघ्यावर आपटून आत गेला. गोल! लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं, एका न्हाव्यानं त्याची दाढी जन्मभर फुकट करायचं कबूल केलं. ही गोष्ट तो इतक्या वेळा आणि इतक्या थाटात सांगायचा, की क्लबातली पोरं न्हाव्याच्या जागी आली की त्याच्याबरोबर कोरसमध्ये ओरडायची.

तो उजवा गुडघा म्हणजे माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी डोकेदुखी. खरं तर तो माझा पेशंट नव्हता. क्लबनं मला खेळाडूंसाठी ठेवलं होतं. पण तो रोज सराव संपला की उपचारखोलीत यायचा, आधी एसी बंद करायचा, मग टेबलावर आडवा व्हायचा आणि सांगायचा, "घोटा जरा आखडलाय." घोट्याला काही झालेलं नसे. गुडघ्यातली गादी पार झिजून हाडावर हाड घासत होतं. चालताना कुरकुर ऐकू यायची. मी एमआरआय काढायला लावला. रिपोर्ट समोर ठेवून सांगितलं, "कोच, हा गुडघा बदलावा लागेल. दुसरा उपाय नाही."

तो फिल्म उजेडाकडे धरून कौतुकानं बघत राहिला. "सुंदर फोटो आहे. माझ्या आईसारखा दिसतो."

"मी काय म्हणतोय?"

"तू म्हणतोस बदल. पण यानंच गोल केलाय. तू असतास तर बदलला असतास?"

तीन वर्षं हाच संवाद. मी व्यायाम शिकवले, त्यानं ते संघातल्या गोलकीपरला शिकवले. मी गुडघ्याला पट्टा दिला, तो त्यानं गाडीच्या हलणाऱ्या नंबरप्लेटला बांधला. एकदा मी खरंच भडकलो आणि मराठीतच ओरडलो, "अहो, तुमच्या भल्यासाठी सांगतोय ना!" त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ही भाषा चांगली आहे. यात रागावलेलं नीट कळतं."

जेवायला बोलावलं की वेगळा ताप. सुजातानं हमूर माशाचे तुकडे रव्यात घोळवून तळायला घेतले, की हा ओट्यापाशी जाऊन उभा. माशाला फक्त मीठ आणि ऑलिव्हचं तेल, बाकी सगळा गुन्हा, असं त्याचं मत. सुजाता पहिल्यांदा इंग्लिशमध्ये हसली, दुसऱ्यांदा हिंदीत समजावलं, तिसऱ्यांदा उलथनं रोखून म्हणाली, "दिनकरराव, माशाचा माका शिकवू नुको हां!" तो निमूट टेबलाशी येऊन बसला आणि एकट्यानं निम्मं ताट संपवलं. जाताना माझ्या मुलीला, इराला म्हणाला, "तुझी आई चुकीचा मासा फार छान करते." इरा त्याची चाहती. आमच्याशी इंग्लिशमध्ये जेवढ्यास तेवढं बोलणारी ही मुलगी त्याच्या गोष्टी तोंड उघडं टाकून ऐकायची.

पण मैदानावर मात्र, हे मला कबूल करायलाच हवं, तो वेगळा माणूस होता. तिथे मफलर नसे, पोमालो नसे. तो फॉरवर्ड पोरांना चेंडूच द्यायचा नाही. संध्याकाळभर नुसतं गोलसमोरच्या चौकटीत हलायला लावायचा. इथून तिथे, तिथून मागे. पोरं वैतागायची. यूसुफ नावाचा विशीतला बहरीनी मुलगा होता, संघातला सगळ्यात चलाख फॉरवर्ड. तो एकदा म्हणाला, "कोच, चेंडू मफी, चेंडूच नाही, मग मी पळू कशासाठी?"

"तू कोणीतरी हाक मारल्यासारखा पळतोस," दिन्को म्हणाला. "फॉरवर्डला कोणी हाक मारत नाही. जिथे तू कोणाला नको आहेस, तिथे जाऊन उभा राहा. चेंडू येईल, न येईल."

यूसुफला ते कळलं असावं. त्या हंगामात त्याचे गोल व्हायला लागले. बाकी संघ मात्र हरत होता. मुख्य प्रशिक्षक मध्येच सोडून गेले, आणि क्लबच्या मॅनेजरनं, अबू खालिदनं, संघ दिन्कोच्या हवाली केला. खालच्या श्रेणीत जाण्यापासून संघाला वाचव, मग पुढच्या हंगामापासून तूच कायमचा मुख्य प्रशिक्षक.

त्या दिवशी दिन्को खाली माझ्या आधी येऊन उभा होता. मी घड्याळ पाहिलं, आपलंच चुकलं की काय म्हणून. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. गाडीत बसल्यावर त्यानं कॉलर दोनदा सारखी केली. मग म्हणाला, "डॉक्टोरे, मी आयुष्यभर राखीव. नवरा म्हणूनसुद्धा. पहिल्यांदा कोणीतरी मुख्य म्हणतंय." आणि एसीची जाळी बंद करायला विसरला. मी तिचा मारा गपचूप माझ्याकडे वळवून घेतला.

पुढचे काही आठवडे तो झपाटल्यासारखा होता. संघ सावरला. हंगामाचा शेवटचा सामना उरला. तो जिंकला की वाचलो. आणि सामन्याच्या आठवड्यात सरावात यूसुफ पळता पळता मांडी धरून खाली बसला.

मी तपासलं, स्कॅन काढला. मांडीचा मागचा स्नायू फाटला होता. पूर्ण नाही, पण तीन आठवडे तरी खेळायचं नाही, एवढा नक्की. मी तसं लिहून दिलं.

दिन्को उपचारखोलीत आला तो एसीकडे न बघताच. "पुन्हा तपास."

"तपासलंय."

"तुम्ही फिजिओ लोक खेळाडूंच्या बाहुल्या करता! दुखणं सगळ्यांनाच असतं. पुन्हा तपास!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यानंतर फोन, जेवताना, अंघोळीच्या आधी, बाजारात. बरं, स्कॅन उलटा धरला होतास का? दुसऱ्या पोराचा तर नव्हता? मी इतका कावलो की दोन दिवस त्याला गाडीतून न्यायचं बंद केलं. तो टॅक्सीनं आला, ड्रायव्हरशी एसीवरून भांडून.

मग अबू खालिदनं बैठक बोलावली. त्याच्या ऑफिसात आम्ही चौघंच होतो. तो, दिन्को, यूसुफ आणि मी. अबू खालिद वाईट माणूस नव्हता. क्लब त्याच्या वडिलांच्या पिढीनं उभा केलेला, आणि तो त्याच्या हातून बुडायला निघालेला. तो मला म्हणाला, "भाई, तुझा रिपोर्ट मी वाचला. तू तुझं काम केलंस. खलास. बाहेरचा एक डॉक्टर सामन्याआधी इंजेक्शन देईल. पोरगा तयार आहे."

"मी तयार आहे," यूसुफ म्हणाला. "काही दुखत नाही. बघा." तो उठला आणि खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवलं. हसत हसत. पाऊल अगदी सरळ.

मी म्हणालो, "इंजेक्शननं दुखणं थांबेल, स्नायू जुळणार नाही. पळताना पूर्ण फाटला तर वर्ष जाईल. पुन्हा तसा पळेलच असंही नाही." कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. दिन्को यूसुफच्या चेहऱ्याकडे बघत होता. पायाकडे नव्हे.

"कोच तूच आहेस," अबू खालिद त्याला म्हणाला. "तू स्वतः असा खेळलायस. त्या तुर्कस्तानच्या सामन्याची गोष्ट सांग त्याला."

दिन्कोनं गोष्ट सांगायला सुरुवात केली. मी मनात कपाळाला हात लावला. सुजलेला गुडघा, इंजेक्शन, कोपऱ्यावरून आलेला चेंडू. यूसुफच्या ओठांवर हसू होतं. न्हाव्याची वेळ जवळ येत होती. पण न्हावी आलाच नाही.

"गोल झाल्यावर मी पळत सुटलो," दिन्को म्हणाला. "मला काहीच जाणवत नव्हतं. आपला पाय आहे की नाही, तेही कळत नव्हतं. सामना संपला. लोक खांद्यावर घेऊन फिरले. मग इंजेक्शन उतरलं. मी हॉटेलच्या संडासात बसलो होतो आणि मला उठता येईना. बाहेर बँड वाजत होता. मी हाका मारल्या, कोणाला ऐकू गेल्या नाहीत. पुढच्या हंगामात क्लब वरच्या श्रेणीत खेळला. मी नाही. त्यानंतर मी जिथे जिथे गेलो, तिथे दिन्को आला नाही. दिन्कोचा लंगडा भाऊ आला."



"तू खोटं हसतोस," तो यूसुफला म्हणाला. "मी असाच हसायचो. पोरगा खेळणार नाही."

अबू खालिद हळू आवाजात म्हणाला, "दिन्को, यात तुझीही नोकरी आहे. तुला समजतंय ना?"

"समजतंय."

"कोच, हा माझा सामना आहे!" यूसुफ ताडकन उठला. पुढे तो अरबीत जे बोलला, त्यातलं निम्मं मला कळलं, आणि कळलं नसतं तर बरं, असं वाटलं. दरवाजा आपटून तो गेला. जाताना लंगडत होता. ते आम्ही तिघांनीही पाहिलं.

परत येताना दिन्को माझ्या गाडीत होता. त्याला काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी पुलावरून जाताना शब्द जुळवत होतो. एवढ्यात त्याचा हात पुढे आला. एक जाळी बंद. दुसरी जाळी बंद.

"आणि तुझे ते तीन आठवडे चूक आहेत," तो म्हणाला. "पोरगा तरुण आहे. अडीच."



सामना आम्ही हरलो. एका गोलनं. यूसुफ असता तर जिंकलो असतो का, हे मला अजून माहीत नाही, आणि तो प्रश्न क्लबात वर्षभर चघळला गेला. संघ खाली गेला, दिन्कोचा करार पुढे वाढला नाही. त्यावर बोलायला अबू खालिदनं त्याला बोलावलं होतं, निदान जुनी जागा तरी राहावी अशी त्याचीही इच्छा असावी. हा गेलाच नाही. त्या सकाळी तो मासळीबाजारात होता. मी संतापून विचारलं तर म्हणाला, "हमूर ताजा होता."

क्लबात निरोपाचा चहा झाला. यूसुफ आला नाही. तोवर तो पळायला लागला होता, दुसऱ्या एका मोठ्या क्लबाशी त्याचं बोलणं चालू होतं. मला ते फार लागलं. मी दिन्कोला म्हणालो, "निदान पाच मिनिटं तरी यायचं होतं त्यानं."

तो बिस्किट चहात बुडवत होता. "फॉरवर्ड आहे. पास देणाऱ्याकडे वळून बघायला लागला तर गोल कधी करणार?" पण मग त्यानं दरवाजाकडे पाहिलं. दोनदा पाहिलं. ते बिस्किट चहात पडलं, तरी त्याच्या लक्षात आलं नाही.

आता त्याच्या गावाहून त्याचे मेसेज येतात. मी विचारतो, "कोच, गुडघ्याचं ऑपरेशन कधी?" उत्तरात तो मासा पाठवतो. जाळीवर भाजलेला, मीठ लावलेला. खाली लिहिलेलं, "सुजाताला दाखव. बरोबर मासा." मी पुन्हा गुडघ्याचं विचारतो. तो समुद्र पाठवतो. सुजाता म्हणते, कशाला विचारता, तुम्हालाच त्रास. ते खरं आहे. पण न विचारता राहवत नाही.

त्याला सोडायला विमानतळावर मीच गेलो होतो. अर्थातच उशीर झाला होता, कारण निघायच्या वेळी त्याला इराला चेंडू छातीवर कसा घ्यायचा ते शिकवायचं होतं. विमानाच्या गेटपर्यंतचं अंतर मोठं. म्हणून मी त्याला न विचारता त्याच्या नावावर व्हीलचेअर सांगून ठेवली होती. ती ढकलत एक केरळचा कर्मचारी आला आणि अदबीनं म्हणाला, "सर, प्लीज."

दिन्कोनं खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, "बसा. एकदा तरी माझं ऐका. एकदाच."

"ठीक आहे, डॉक्टोरे," तो म्हणाला. इतक्या सहज की मीच चाट पडलो. त्यानं मला मिठी मारली. हाडं मोडतील अशी. मग त्यानं आपली मोठी बॅग उचलली आणि खुर्चीत ठेवली. तिच्यावर दुसरी ठेवली. तिच्यावर कोट घडी करून ठेवला. आणि कर्मचाऱ्याच्या हातातून खुर्चीचे दांडे घेऊन स्वतःच ढकलत निघाला.

"सर! सर, यू सिट!" तो कर्मचारी बाजूनं धावत होता. दिन्को त्याला काहीतरी समजावत होता, एक हात हवेत फिरवत. पाऊल वाकडं पडत होतं, गुडघा प्रत्येक पावलाला बाहेर जात होता, आणि समोरून येणारी माणसं वाट देत होती. काचेच्या दरवाजापाशी कर्मचाऱ्यानं हार मानली. त्यानं पुढे होऊन दरवाजा धरला, आणि सामानाची ती खुर्ची ढकलत दिन्को आत गेला.